ऑस्ट्रिया-हंगेरी १९१४ च्या आधीच संपलं होतं का?

जुना नकाशा:
पहिल्या महायुद्धावर लिहिताना सगळे सारायेव्होपासून, म्हणजे तिथे ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारसावर झाडलेल्या गोळीपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, गोळी सुटायच्या आधीच हे साम्राज्य आटोपलं होतं. १८६७ साली हंगेरीला बरोबरीचा वाटा देऊन घर सावरलं खरं, पण ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोघा भावांच्या वाटणीत चेक, स्लोव्हाक, रोमेनियन सगळे ओसरीवरच राहिले. वर आर्थिक करार दर दहा वर्षांनी नव्याने करायचा, म्हणजे दर दहा वर्षांनी तोच तंटा.

१८९७ चं बाडेनी प्रकरण बघा. ऑस्ट्रियाचा पंतप्रधान बाडेनीने हुकूम काढला की बोहेमियातल्या (चेक आणि जर्मन भाषकांचा प्रांत) सरकारी नोकरांना जर्मन आणि चेक दोन्ही आल्या पाहिजेत. दिसायला किती साधी गोष्ट! पण शिकलेल्या चेकांना जर्मन येतच होती. नवी भाषा शिकायची पाळी तिथल्या जर्मन भाषकांवर आली. नोकऱ्या हातच्या जाणार हे त्यांनी ताडलं. एका जर्मन खासदाराने संसदेत सलग बारा तास भाषण ठोकलं, पुढे सभागृहात पोलीस शिरले, व्हिएन्नात दंगे. नोव्हेंबरात बाडेनी घरी. १८९९ मध्ये हुकूम मागे घेतले, तर आता चेक खवळले! कारकुनाची भाषा ज्यांना ठरवता येईना, ते युद्ध काय लढणार?

खडीसाखर:
असहमत. भांडणं होती म्हणजे मरायला टेकलं होतं, हे कुठलं गणित? १९०५ मध्ये बोहेमियाशेजारच्या मोराव्हिया प्रांतात चेक आणि जर्मनांनी मतदारसंघ वाटून घेतले आणि तिथला तंटा बराच निवला. १९०७ ला साम्राज्याच्या ऑस्ट्रियाकडच्या अर्ध्या भागात सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं. ब्रिटनमध्ये तेव्हा ते नव्हतं. चेक नेता मासारिकसुद्धा युद्धापर्यंत साम्राज्यात राहून स्वायत्तताच मागत होता. शेवट ठाऊक असला की आधीची प्रत्येक शिंक क्षयाची वाटते.

जुना नकाशा:
"अर्ध्या भागात" हे तुम्हीच लिहिलंत! हंगेरीत जेमतेम सहा टक्के लोकांना मत होतं. आणि त्या १९०७ वाल्या संसदेला मार्च १९१४ मध्ये पंतप्रधानांनीच टाळं ठोकलं. जुलैत युद्ध पुकारलं तेव्हा व्हिएन्नात संसद भरतच नव्हती.

दौतटाक:
अहो, भाषा पुरे, सैन्य बघा. हंगेरीला पलटणीतले हुकूम मग्यार (हंगेरियन) भाषेत हवे, सम्राट जर्मन सोडेना. या ओढाताणीत दरसालच्या रंगरुटांचा आकडा १८८९ ला ठरला तोच १९१२ पर्यंत. तरी सेनाप्रमुख कॉनराड 'सर्बियावर चढाई करा' म्हणून सारखा मागे लागलेला.

खडीसाखर:
दौतटाक, हे तर माझ्याच पथ्यावर पडलं. कॉनराडला आवरत होता तो गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड. २८ जूनला नेमका तोच मारला गेला. याला अपघात म्हणतात, वार्धक्य नव्हे.

जुना नकाशा:
शांतता एका माणसावर टेकलेली, गादीवर ८३ वर्षांचा सम्राट. वार्धक्य आणखी कसं असतं?

खडीसाखर:
तो सम्राट १९१६ ला गेला. त्यानंतरही दोन वर्षं चेक, क्रोएट, मग्यार पोरं त्याच सैन्यात लढत होती. तुमच्या मते कुणासाठी?