पुलित्झर मिळालेली बातमीच खोटी निघते, ती कशी? परीक्षक नेमकं तपासतात तरी काय?

प्रश्नकर्ता: कात्रणवही

जॅनेट कुकचं १९८१चं प्रकरण आणि जर्मनीतल्या क्लास रेलोटिउसचं २०१८चं, दोन्ही वाचली. दोघांनीही छापून आलेला मजकूर मनाने रचला होता. एक वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाची बातमीदार, दुसरा डेर श्पीगेल या साप्ताहिकाचा. दोन्हीकडे अनुभवी संपादक होते, श्पीगेलकडे तर तथ्यतपासणीचा स्वतंत्र विभाग. तरीही मजकूर छापून आला आणि वर पुरस्कारही मिळाला. तीन शंका आहेत:

१) पुरस्कार समितीपुढे काय ठेवलं जातं? टिपणं, टेप वगैरे मागवतात का?
२) तथ्यतपासणी विभागाच्या हातून हे निसटतं कसं?
३) बाहेरच्या वाचकाला असा मजकूर ओळखता येईल अशी काही खूण असते का?

"सगळे विकले गेलेत" छापाची उत्तरं कृपया नकोत. नेमकं कुठे चुकतं ते हवं आहे.

उत्तर: शिळाप्रेस

पहिल्या शंकेचं उत्तर: समितीपुढे फक्त छापून आलेलं ठेवलं जातं. पुलित्झरची प्रवेशिका ७५ डॉलर भरून पाठवतात, प्रत्येक गटाचे परीक्षक तीन नावं सुचवतात आणि अंतिम निर्णय मंडळ घेतं. मजकुराच्या खरेपणाबद्दल कुणी गंभीर आक्षेप घेतला असेल किंवा दुरुस्ती छापली असेल तर तीही जोडा, असा नियम आहे. पण आक्षेप आलाच नसेल, किंवा आलेला वृत्तपत्राने दुर्लक्षिला असेल, तर समितीला कळायचा मार्ग नाही. वार्तांकन खरं आहे याची हमी प्रवेशिका पाठवणाऱ्याची, असं गृहीत धरलेलं असतं. परीक्षक पुन्हा वार्तांकन करत नाहीत.

कुकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. आठ वर्षांच्या हेरॉइनग्रस्त मुलाची ती कहाणी २८ सप्टेंबर १९८० रोजी पहिल्या पानावर आली. पोस्टने ती स्थानिक वार्तांकनाच्या गटात पाठवली होती. मंडळाने ती उचलून वृत्तलेखाच्या गटात टाकली आणि तिथे बक्षीस दिलं. म्हणजे ज्या गटात ती जिंकली त्या गटाच्या परीक्षकांनी ती वाचलेलीच नव्हती!

आता पोस्टच्या आत काय झालं ते. इतक्या लहान वयाचा रुग्ण आहे अशी कुणकुण कुकला लागली होती, पण मूल सापडलं नाही, तेव्हा तिने ते रचलं. शहर संपादक मिल्टन कोलमन यांनी आईचं नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली होती. नंतर कुकने सांगितलं की तिथल्या ड्रग विक्रेत्याने जिवे मारण्याची धमकी दिली आहे. झालं, त्यानंतर नाव-पत्ता विचारणं म्हणजे बातमीदाराचा जीव धोक्यात घालणं ठरलं. खरी चूक इथे आहे. नाव वाचकापासून लपवणं आणि नाव आपल्याच संपादकापासून लपवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कधी कधी नाइलाजाने करावी लागते. दुसरीला परवानगी दिली की तपासणीचं दार आतून बंद होतं.

इशारे मिळाले नव्हते असंही नाही. पोलीस मुलाला शोधत होते, सापडत नव्हता. कुकसोबत त्या वस्तीत गेलेल्या सहकाऱ्याला तिने घर दाखवलं नाही. उलट महापौर मॅरियन बॅरी यांनी आधी जाहीर केलं की मुलगा प्रशासनाला माहीत आहे, उपचार चालू आहेत. पुढे शब्द मागे घेतले. सरकारी दुजोरा म्हणजे पुरावा असं मानणाऱ्या प्रत्येक उपसंपादकाने हे ध्यानात ठेवावं.

आणि फुटलं कशामुळे, तर बायोडेटामुळे. १३ एप्रिल १९८१ला पुरस्कार जाहीर झाला, वृत्तसंस्थेने विजेत्यांची माहिती पाठवली. कुक आधी टोलेडो ब्लेडमध्ये होती, तिथल्या लोकांना दिसलं की तिचं शिक्षण आपल्याकडच्या नोंदींशी जुळत नाही. व्हॅसर कॉलेजची पदवी खोटी निघाली. फ्रेंच येतं असाही तिचा दावा होता; संपादक बेन ब्रॅडली यांनी तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलून पाहिलं, तेही येईना. दोन दिवसांत राजीनामा, आणि पुरस्कार व्हिलेज व्हॉइसच्या टेरेसा कारपेंटर यांना गेला. पोस्टचे वाचक-प्रतिनिधी बिल ग्रीन यांनी आपल्याच कार्यालयाची जी चिरफाड छापली, ती पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी. कामावर घेताना एक फोन केला असता तर हे सगळं टळलं असतं.

उत्तर: तळटीप

दुसरी शंका. श्पीगेलच्या तपासणी विभागात साठेक माणसं. ही माणसं आळशी नव्हती. गावाची लोकसंख्या, दोन शहरांमधलं अंतर, मंत्र्याचं पद, बंदुकीचा प्रकार, सगळं ताडून पाहत. पण मजकुरातल्या माणसाला स्वतः फोन करून "तुम्ही हे बोललात का?" असं विचारायची तिथे रीत नव्हती. अमेरिकी मासिकांच्या पद्धतीत छापील खर्ड्यावर एकेक शब्द अधोरेखित करून तपासनीस बातमीतल्या माणसाला पुन्हा गाठतो. रेलोटिउसला हा फरक नीट ठाऊक होता. जे पडताळता येतं ते अचूक लिहायचं आणि जे पडताळता येत नाही (लहान मूल, जर्मन न येणारा दूरचा माणूस, आईने गुणगुणलेलं गाणं) तिथे मोकळं सुटायचं. तपासनिसाला ओळीमागून ओळ बरोबर सापडत जाते, त्यामुळे बाकीच्याबद्दल संशय येत नाही.

त्याला पकडलं सहकारी हुआन मोरेनोने. अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर स्वतःहून पहारा देणाऱ्या सशस्त्र नागरिकांच्या टोळीवरचा वृत्तलेख दोघांच्या नावावर होता. मोरेनो मेक्सिकोची बाजू लिहीत होता. टोळीचे लोक फोटो काढू देत नाहीत, असं रेलोटिउसने कळवलं. पण त्यातला एक जण आधीच एका माहितीपटात नावा-चेहऱ्यासकट झळकला होता. मोरेनोने बोट ठेवलं ते या विसंगतीवर. वरिष्ठांनी आधी त्यालाच मत्सरी ठरवलं, तेव्हा दुसऱ्या कामासाठी अमेरिकेला गेलेला असताना तो अ‍ॅरिझोनात पोचला आणि त्या माणसांना कॅमेऱ्यासमोर विचारलं. रेलोटिउसला ते कधी भेटलेच नव्हते. त्याच सुमारास टोळीची प्रसिद्धी पाहणाऱ्या बाईंचाही ईमेल आला: न येता, न भेटता लिहिलंत कसं? रेलोटिउसने तो ईमेलच बदलून वरिष्ठांना दाखवला. म्हणून पुरावा बातमीदाराकडून "फॉरवर्ड" करून घ्यायचा नाही. मूळ पाठवणाऱ्याला आपण गाठायचं.

३ डिसेंबर २०१८ला त्याला जर्मन रिपोर्टर पुरस्कार मिळाला, चौथ्यांदा. परीक्षकांनी कौतुक काय केलं, तर मजकूर कोणत्या स्रोतांवर उभा आहे हे कुठेच अस्पष्ट राहत नाही म्हणून! १९ डिसेंबरला श्पीगेलने स्वतःच सगळं उघड केलं.

तिसऱ्या शंकेसाठी मिनेसोटातल्या फर्गस फॉल्सचं उदाहरण घ्या. ट्रम्पच्या मतदारांवर लिहायला रेलोटिउस तिथे काही आठवडे राहिला होता, म्हणजे गेलाच नाही असं नाही. गावातल्या दोघांनी लेख वाचून एकेक वाक्य तपासलं आणि ११ ठळक खोट्या गोष्टी मांडल्या. गावाच्या वेशीवर घनदाट जंगल. प्रत्यक्षात तो माळरानाचा मुलूख. मेक्सिकनांना बंदी घालणारी पाटी. अशी पाटी नव्हती. थिएटरात दोन वर्षं जुना युद्धपट अजून गर्दीत चालू; नव्हता. कॉफीच्या दुकानातून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात म्हणे. तिथून दिसतच नाहीत. हे तपासायला गावात राहणं पुरे होतं.

खूण विचाराल तर माझ्या मते अशी: प्रत्येक तपशील एकाच दिशेला बोट दाखवतो. खऱ्या वार्तांकनात काहीतरी न जुळणारं उरतंच: ऐनवेळी बोलायला नकार देणारा माणूस, कंटाळवाणा प्रसंग, मुद्द्याच्या विरुद्ध जाणारं वाक्य. जिथे पाटी, सिनेमा, जंगल, चिमणी सगळं एका सुरात गातं, तिथे पेन्सिल काढावी.

उत्तर: निगेटिव्ह

छायाचित्रांचं थोडक्यात. तिथे परिस्थिती बरी आहे, कारण पुरावा मागता येतो. वर्ल्ड प्रेस फोटो (वृत्तछायाचित्रांची स्पर्धा) अंतिम टप्प्यात कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल मागवतं आणि स्पर्धेतल्या फोटोशी ताडून पाहतं. २०१०मध्ये कडेला दिसणारा पाय पुसून टाकल्यामुळे एक पुरस्कार रद्द झाला. पण रॉ फाइल पिक्सेलबद्दल सांगते, फोटोखालच्या ओळीबद्दल नाही. २०१५मध्ये बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरची विजेती मालिका बाद झाली, कारण त्यातला एक फोटो तिथला नव्हताच, ब्रुसेल्सजवळच्या मोलेनबेकचा होता. फोटो अस्सल, ओळ खोटी.

उत्तर: वेताळपेठ

तळटीप यांच्या "पेन्सिल काढा"शी सहमत, पण तुम्ही सगळे फक्त बनावट माणसांबद्दल बोलताय. वॉल्टर डुरांटीचं काय? न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्कोतला वार्ताहर, १९३१च्या वार्तापत्रांसाठी १९३२चं पुलित्झर. पुढे १९३२-३३च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसं मेली तेव्हा हा गृहस्थ दुष्काळ नाहीच म्हणून लिहीत होता, आणि तिथे पायी फिरून आलेल्या गॅरेथ जोन्स या पत्रकाराला खोटं पाडत होता. पुलित्झर मंडळाने २००३मध्ये फेरतपासणी केली आणि पुरस्कार कायम ठेवला. कारण तांत्रिक: पुरस्कार १९३१च्या १३ लेखांना आहे, दुष्काळ त्यानंतरचा, आणि त्या लेखांत जाणूनबुजून फसवल्याचा स्पष्ट पुरावा नाही.

डुरांटीच्या वार्तापत्रातला अधिकारी खरा, आकडा सरकारी कागदावरचा, अवतरणही बरोबर. तपासनिसाने फोन केला असता तर त्या अधिकाऱ्याने "हो, मीच बोललो" असंच सांगितलं असतं. कोणाला विचारलंच नाही, हे कुठल्याही अधोरेखित खर्ड्यात दिसत नाही. माझ्या लेखी कुकपेक्षा हे जास्त घातक.

उत्तर: शिळाप्रेस

वेताळपेठ, मान्य. दोन्हींच्या मधला प्रकारही आहे: बातमीदार प्रामाणिक, सांगणारा खोटा. न्यूयॉर्क टाइम्सची २०१८ची इसिसवरची ध्वनिमालिका (पॉडकास्ट). कॅनडातला एक तरुण आपण सीरियात माणसं मारल्याचं सांगत होता. पासपोर्ट आणि शिक्षणाच्या नोंदींशी त्याच्या तारखा जुळत नाहीत हे मालिकेतच एका भागात आलं होतं. तिथे थांबायला हवं होतं. त्याऐवजी तो गेला असेल ते वेगळ्या काळात, अशी तारखांची सरकवासरकव झाली आणि कहाणी पुढे चालली. सप्टेंबर २०२०मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्यावर दहशतवादाची खोटी बतावणी केल्याचा आरोप ठेवला, डिसेंबरमध्ये टाइम्सने चूक कबूल केली आणि मालिकेला मिळालेला पीबडी हा प्रसारमाध्यमांसाठीचा पुरस्कार परत केला.

ताळा साधा आहे: सांगणाऱ्याच्या म्हणण्याला त्याच्याच तोंडून न आलेला एक तरी पुरावा हवा. "तो तिथे नव्हता असं सिद्ध होत नाही" हा पुरावा नव्हे.

कात्रणवही

सर्वांचे आभार. वेताळपेठ यांचा मुद्दा डोक्यात नव्हता. एक उपप्रश्न: असं काही मराठी दैनिकात दिसलं तर वाचकाने कुठे जायचं?

उत्तर: तळटीप

आधी संपादकाला लेखी पत्र: तारीख, पान, नेमकं वाक्य, त्यात काय चूक आणि तुमच्याकडचा पुरावा. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार. सोबत मूळ कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडा. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने. बहुतेक तक्रारदार इथेच अडकतात: संपादकाच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवतात, किंवा "संपूर्ण लेख दिशाभूल करणारा आहे" असं मोघम लिहितात. एक वाक्य पकडा. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद किंवा निषेध एवढंच तिच्या हातात. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत.