मदत हवी आहे: जुन्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन ऑफलाइन कसं वापरता?

मंडळी, एका प्रोजेक्टवर पायथन ३.८ आणि पांडास १.३ (डेटा हाताळायची पायथनची लायब्ररी) वर अडकलोय, अपग्रेड करायची परवानगी नाही आणि ज्या मशीनवर काम करायचं तिथे इंटरनेटच नाही. घरून सर्च केलं की गूगल दरवेळी नव्या व्हर्जनच्या पानावर नेऊन सोडतं. परवा रिमूव्हप्रीफिक्स (स्ट्रिंगच्या सुरुवातीचा भाग काढणारी मेथड) वापरलं तर सरळ ॲट्रिब्यूट एरर, नीट बघितलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की हे ३.९ पासून आहे! पांडासचं उलटं, आमच्या कोडमध्ये जागोजागी डेटाफ्रेमचं (पांडासमधल्या टेबलचं) अपेंड, म्हणजे ओळी जोडायची मेथड आहे आणि ते २.० मध्ये काढूनच टाकलंय, त्यामुळे नव्या डॉकमध्ये सापडतच नाही.

सध्या पायडॉक -बी (पायथनसोबतच येणारं डॉक दाखवायचं टूल) मारून ब्राउझरमध्ये बघतो, जे इन्स्टॉल आहे त्याचंच दिसतं हे बरंय, पण फक्त डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली माहिती), ट्युटोरियल वगैरे काही नाही, आणि सर्च तर विचारूच नका.

झील (ऑफलाइन डॉक वाचायचं ॲप) कोणी वापरतं का? त्यात पांडासचं नेमकं १.३ चं डॉकसेट (डाउनलोड करायचा डॉकचा संच) मिळतं का, की सोर्सचा तो टॅग (त्या व्हर्जनचा कोड) घेऊन स्फिंक्सने (डॉक तयार करायच्या टूलने) स्वतःच बिल्ड करावं लागेल? पेनड्राइव्हने फाइल नेता येते, एक्झी (प्रोग्रॅमची .exe फाइल) मात्र चालत नाही, म्हणून नुसतं एचटीएमएल असेल तर उत्तमच. कोणी केलं असेल तर जरा स्टेप्स सांगा ना.