शनिवारचा सिनेमा: ‘किल्ला’ दाखवायचा का?

सचिव: नमस्कार मंडळी. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये मुलांसाठी सिनेमा आहे. विषय मैत्री. नावं सुचवा, रात्री नक्की करू.

ए-२०३: ‘किल्ला’. माझं मत आत्ताच नोंदवून ठेवा 🙏

बी-५०१: अगं, तो किती उदास आहे! मुलांना रडवायचंय का? त्यापेक्षा ‘एलिझाबेथ एकादशी’ लावा. पंढरपूर, सायकल, ती झेंडू नावाची चिमुरडी. पोरं खूश होतील.

ए-१०४: काकूंना अनुमोदन. ‘किल्ला’त घडतं काय? निम्मा वेळ पाऊसच पडतोय.

डी-४०४: उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’पण विचारात घ्या.

ए-२०३: जरा मोठं लिहिते, वाचा.
काकू, ‘एलिझाबेथ’ मलाही मनापासून आवडतो. दोन्ही सिनेमे २०१४च्या राष्ट्रीय पुरस्कारांत होते. ‘किल्ला’ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मिळाला आणि ‘एलिझाबेथ’ला बालचित्रपटाचा. पण ‘एलिझाबेथ’मधल्या मुलांना सायकल वाचवायची असते. सगळ्यांनी मिळून पार पाडायचं काम समोर असलं की पोरं एकत्र येतातच. ‘किल्ला’तल्या चिन्मयकडे असं काहीच नाही. अकरा वर्षांचं पोर, बाबा गेलेले, आईची बदली झाली म्हणून पुणं सोडून कोकणात आलेलं. शाळा नवी, भाषेचा हेल वेगळा, बाकीची मुलं पहिलीपासून एकमेकांना ओळखणारी. मैत्री करायला कारण नाही, निमित्त नाही, तरी ती होते. बहुतेक मुलांच्या वाट्याला मैत्री अशीच येते, म्हणून मला तो दाखवावासा वाटतो.

ए-२०३: आणि त्यात बंड्या आहे! मागच्या बाकावरचा, अभ्यासाशी फारसं देणंघेणं नसलेला. पार्थ भालेरावने काय केलंय ते काम. त्याला त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला होता. बंड्या चिन्मयचं सांत्वन वगैरे करत नाही. आपल्या टोळीत ओढून घेतो, बस. मोठ्यांना जे जमत नाही ते असली पोरं करून टाकतात.

बी-५०१: बंड्या मलाही आवडला होता हं. पण ते वडिलांचं जाणं नको गं वाटतं.

ए-२०३: काकू, ते सिनेमा सुरू व्हायच्या आधीच झालेलं असतं. इस्पितळ नाही, आक्रोश नाही. उरतात ते फक्त आई आणि मुलगा. अमृता सुभाषने ती आई इतकी संयमाने केली आहे! तीही नव्या गावात, नव्या ऑफिसात एकटीच आहे, आणि लेक तिच्यावरच रुसलेला. ज्याच्यावर हक्काने रुसता येतं असं त्याला तेवढंच एक माणूस आहे.

ए-१०४: ताई, सगळं मान्य. पण पहिली-दुसरीतली पोरं कंटाळतील.

ए-२०३: दादा, २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला, तो मुलांच्याच ज्युरीने दिलेला. त्यांना ना मराठी येत होतं ना कोकण ठाऊक होतं. आणि पावसाचं म्हणाल तर दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी कॅमेराही स्वतःच सांभाळलाय. चिन्मय बोलत नाही ते सगळं त्या पावसात, समुद्रात आणि ओल्या रस्त्यांत आहे. तरी पहिली-दुसरीच्या मुलांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यांना सक्ती नको. तिसरीपासून पुढची बसू देत.

डी-४०४: आणि ‘विहीर’?

ए-२०३: ‘विहीर’ याहून खोल आहे असं मी म्हणेन. पण त्यात मित्रासारखा भाऊ नचिकेत वारल्यावर समीर ज्या प्रश्नांच्या मागे लागतो ते झेपायला थोडं वय हवं. आठवी-नववीच्या मुलांसाठी वेगळा लावू, मी स्वतः येऊन बसेन.

सी-३०२: नमस्कार. आम्ही सोसायटीत नवीन आहोत. मुलगा पाचवीत आहे. अजून खाली खेळायला जात नाही, जुन्या मित्रांचीच आठवण काढतो. हा सिनेमा बघून तो जास्त हिरमुसेल का?

ए-२०३: दादा, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी गोष्ट फुटेल, पण तुम्हाला सांगायलाच हवं. मुलं सायकलींवरून किल्ल्यावर जातात, जोराचा पाऊस येतो आणि चिन्मय आत एकटाच मागे राहतो. मित्र निघून गेलेले असतात. तो आतून मोडतो, त्यांच्यापासून तुटतो. हा भाग तुमच्या मुलाला लागेल. मलाही दर वेळी लागतो. पण सिनेमा त्या पोरांना खलनायक करत नाही. तीही तेवढीच लहान आहेत, त्यांच्या हातून चूक झाली. आपल्याला सोडून गेलेला मित्र वाईटच असतो असं नाही, आणि त्याच्याकडे परत जाता येतं, हे या वयात कुणीतरी दाखवायला हवं. आपण मोठी माणसं एक तर ‘सोड रे त्यांना’ म्हणतो, नाही तर ‘भांडू नका’.
शेवटाबद्दलही सांगून ठेवते. जीव रमतो न रमतो तोच आईची पुन्हा बदली होते. तेवढं तुम्ही घरी आधी सांगा. त्याच्या शेजारी बसा म्हणजे झालं.

सी-३०२: धन्यवाद ताई. आम्ही दोघंही त्याच्याबरोबर येतो.

बी-५०१: बरं, माझा विरोध मागे. पण ‘एलिझाबेथ’ पुढच्या महिन्यात हवाच.

ए-२०३: नक्की काकू, पहिली ते चौथीसाठी तोच लावू ❤️ आणि सगळ्या पालकांना हात जोडून विनंती: सिनेमा संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असं लगेच विचारू नका. माईक फिरवू नका. मुलं आपापसांत बोलतील तेवढं बोलू द्या.

ए-१०४: हे पटलं. माझा मुलगा तिसरीत आहे, त्याला घेऊन येतो.

सचिव: ठरलं तर. ‘किल्ला’, शनिवारी सहा वाजता. पावणेदोन तासांच्या आसपास आहे, मध्ये दहा मिनिटं सुट्टी. तिसरीच्या खालच्या मुलांसाठी शेजारच्या खोलीत खेळ ठेवू. खिडक्यांना जाड चादरी लावायला चार वाजता दोघं जण हवेत.

डी-४०४: मी आणि माझा भाऊ येतो. शिडी आहे आमच्याकडे.