नवीन मुख्यसेविका मॅडम येतायत, स्वागत कसं करावं?

कोरेगावची सेविका
नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, कामावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका मॅडम निवृत्त झाल्या आणि आता सरळसेवा भरतीतून नवीन मॅडम येणारेत, वय तरुण आहे आणि मूळच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या आहेत एवढंच कळलंय. जुन्या मॅडम अंगणवाडीत आल्या की आधी पोरांच्यात खाली बसायच्या, कुणाचं नाक पुसायच्या, कुणाला गोष्ट सांगायला लावायच्या आणि मग कुठं रजिस्टर मागायच्या, त्यामुळं आता सगळ्याजणी जरा धास्तावल्यात की नवीन मॅडम कशा असतील. परवा ठरलं की वर्गणी काढून हॉल घ्यायचा, बॅनर, फेटा, शाल-श्रीफळ, नाश्ता. आम्ही मानधनावर काम करतो आणि मदतनीस ताईंना तर आमच्याहून कमी मिळतं, तरी सगळ्या हौसेनं तयार आहेत. पण मला मनापासून असं वाटतंय की मॅडमना पहिल्याच दिवशी आमची पोरं भेटावीत, आमचं काम दिसावं. त्यासाठी काय करता येईल? कुणी असं काही केलंय का?

पाटण खोरं
ताई, नारळ आणि शाल द्याच, लांबून आलेल्या लेकीसारखं माणूस आहे ते, तिला मान मिळाला पाहिजे. पण हॉल नको. बीटमधली एखादी साधी अंगणवाडी निवडा, सकाळी पोरं असतील त्याच वेळी बोलवा, आणि कृपा करून पोरांचा डान्स बसवू नका. तीन-चार वर्षांची लेकरं दोन दोन तास नटवून ताटकळत ठेवायची आणि पाहुणे उशिरा येणार, हे मी फार बघितलंय, निम्मी रडत असतात. जे रोज चालतं तेच चालू द्या, बडबडगीत, ठोकळे, मातीकाम, गोष्ट, मग हात धुऊन गरम खाऊ. मॅडमना पोरांच्या पंगतीत बसवा.

दुसरं म्हणजे प्रत्येक सेविकेनं आपल्या अंगणवाडीबद्दल एक पान हातानं लिहून द्या. वजन-उंची, लसीकरण, टीएचआर (घरी न्यायला देतात तो आहार) हे सगळं पोषण ट्रॅकरच्या मोबाईल ॲपवर दिसतंच, ते नको. आमच्याकडं डोंगरातल्या वाड्यांवर निम्म्या घरात आई-बाप मुंबईला आणि पोरगं आजीजवळ असतं, मग वजन का वाढत नाही हे नुसता आकडा बघून कसं कळणार? आजीला दात नाहीत म्हणून ती मऊ भातच करते आणि पोरगंही तेच खातं. पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला पाणी आलं की कुठली वाडी तुटते, कुठल्या खोलीत गळतं, कुठली आई फक्त संध्याकाळी घरी भेटते म्हणून गृहभेट तेव्हाच करावी लागते, हे असलं लिहा. मी आता निवृत्त आहे पण आमच्या बीटात मॅडम बदलल्या तेव्हा आम्ही हेच केलं होतं आणि त्या ती पानं पर्समध्ये घेऊन फिरायच्या.

वाळवा मुख्यसेविका
मी स्वतः मुख्यसेविका आहे म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते. नवीन माणूस रुजू झाला की प्रकल्प कार्यालयाकडून पहिल्या दिवसापासून माहिती मागायला सुरुवात होते, ही माहिती आजच द्या, तो अहवाल दुपारपर्यंत द्या, फोटो पाठवा. बीटमध्ये वीस-पंचवीस अंगणवाड्या, त्यात मासिक बैठक, प्रशिक्षण, आणि पोरं नेमकी शिकतायत काय हे बघायला वेळच उरत नाही. त्यामुळं तुमच्या मॅडम पहिल्यांदा रजिस्टरच मागतील, तर मन खट्टू करून घेऊ नका, त्यांच्यावर पण वरून दाब असतो. रजिस्टर दाखवा आणि लगेच म्हणा, मॅडम पाच मिनिटं पोरांच्यात बसा.

मला एका सेविका ताईनं पहिल्या महिन्यातच ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, नेलं होतं. आमच्याकडं दिवाळीच्या पुढंमागं बीडकडून टोळ्या येतात ते मार्च-एप्रिलपर्यंत असतात, पोरांची नावं गावाकडच्या अंगणवाडीत आणि पोरं इकडं फडात. ती पोरं आपल्या अंगणवाडीत बसवायची, त्यांना आहार द्यायचा, हे मला त्या ताईनं चालता चालता समजावलं, कुठल्या ट्रेनिंगमध्ये एवढं कळलं नसतं. कोरेगावकडं पण ऊस आहेच की. हंगाम असेल तर न्या मॅडमना.

सातारा पालक
मी सेविका नाही, पालक आहे. माझी मुलगी चार वर्षांची आहे. एक विनंती की नवीन मॅडमना सांगा, अंगणवाडीत थोडं लिहायला पण शिकवा. शेजारची पोरं खासगी नर्सरीत एबीसीडी आणि शंभरपर्यंत अंक लिहितात आणि आमची नुसती गाणी म्हणते, घरचे म्हणतात पैसे घालू पण तिला तिकडं टाकू.

बालवाडीवाली
पालक ताई/दादा, तुमची काळजी खरी आहे पण त्या वयात बोटांत तेवढी ताकद आलेली नसते. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं यातनंच पुढं पेन्सिल नीट धरता येते. आपल्याकडं हे नवीन पण नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातेत भावनगरला काम केलं, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि 1945 पासून बोर्डीला खेड्यातल्या गरीब पोरांसाठी बालवाडी चालवली, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, गावात मिळतं तेच वापरलं. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र, आणि त्यात भर खेळातून शिकण्यावरच आहे.

कोरेगावच्या ताई, यावरनं एक सुचतंय. स्वागताला चार-पाच आयांना पण बोलवा, आणि हाच प्रश्न त्यांना मॅडमसमोर विचारू द्या. नवीन मॅडमनी पहिल्याच दिवशी आयांना सांगितलं की गाणी म्हणणं म्हणजे पण शिकणंच आहे, तर तुमचं पुढचं काम किती सोपं होईल बघा.

जत
आमच्याकडं बरीच लेकरं घरी कन्नड बोलतात. मागच्या वेळी नवीन मॅडम आल्या तेव्हा मदतनीस मावशीनं त्यांना पाणी, भूक लागली, शू ला जायचं, दुखतंय असले रोजचे कन्नड शब्द वहीवर मराठी अक्षरात लिहून दिले. मॅडम पुढच्या वेळी आल्या ते एका पोराला कन्नडमध्ये जेवलास का विचारत, पोरगं उडी मारून मांडीवरच जाऊन बसलं. मदतनीसांना कार्यक्रमात चहा वाटायला ठेवू नका एवढंच सांगते, त्यांनाही बोलू द्या. पोरं आणायला घरोघरी त्याच जातात.

कोरेगावची सेविका
सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचून डोळ्यात पाणी आलं. हॉल आणि बॅनर रद्द करायचं आज फोनवर बोलले, दोघीजणी थोड्या नाराज आहेत पण एक पानाचं सगळ्यांना पटलं. मदतनीस ताईंचं पण ठरलं, आमच्या बीटमधली सगळ्यात जुनी मदतनीसच नारळ देईल. आता एकच राहिलं, सरपंचांना बोलवावं का? बोलवलं तर भाषणं होतात, नाही बोलवलं तर रुसवा.

वाळवा मुख्यसेविका
बोलवा की, पण पोरांच्या पंगतीलाच बोलवा, माइक ठेवूच नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तुमच्या अंगणवाडीला नळ नसेल, दार मोडलं असेल, तर ते त्यांना तिथंच मॅडमसमोर दाखवा आणि ग्रामसेवकांना पण बोलवायला विसरू नका, अंदाजपत्रक तेच करतात.