मलावी सरोवराच्या काठाने पायी: पाहुणचार कसा स्वीकारावा?

पाठीवर बिऱ्हाड
येत्या जूनमध्ये आम्ही दोघे मित्र पाठपिशव्या घेऊन तीन आठवडे आफ्रिकेतल्या मलावी या देशात हिंडणार आहोत. न्खाटा बे येथून सरोवराच्या काठाने उत्तरेकडे, उसिस्या आणि रुआर्वेच्या दिशेने, जमेल तेवढे पायी जाण्याचा विचार आहे. तिकडची माणसे अनोळखी वाटसरूलाही जेवायला बसवतात असे ऐकतो, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. ज्या घरात स्वतःपुरतेच मक्याचे पीठ असेल तिथे जेवावे का, आणि जेवलोच तर पैसे देणे त्यांना अपमानाचे वाटेल का? सरोवरात पोहण्याविषयीही परस्परविरोधी सल्ले मिळत आहेत.

जुना वाटसरू
मी त्या वाटेने गेलो आहे. तिथे डोंगर थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे लोकांची ये-जा मुख्यतः पायवाटेने किंवा होडीने होते आणि पाहुणा गावात शिरण्याआधी त्याची बातमी शिरलेली असते. पहिल्याच दिवशी एका आजींना मी घाईघाईने वाट विचारली. त्यांनी उत्तर न देता माझ्याकडे पाहत शांतपणे ‘मुली ब्वांजी?’ एवढेच म्हटले, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. ‘कसे आहात?’ असे विचारल्यावर ‘न्दिली ब्विनो, काया इनु?’ म्हणजे ‘मी बरा आहे, आणि आपण?’ असे म्हणायचे आणि मगच कामाचे बोलायचे, हा तिथला साधा शिष्टाचार आहे. ही चिचेवा भाषा झाली. न्खाटा बेच्या परिसरात टोंगा आणि त्याच्या उत्तरेला तुम्बुका बोलतात, पण चिचेवा बहुतेकांना समजते आणि त्यांच्याच बोलीत ‘येवो’ म्हणून आभार मानले की चेहरे खुलतात. मुक्काम करायचा असल्यास आधी गावाच्या प्रमुखाला, म्हणजे म्फुमूंना, भेटून त्यांची परवानगी घ्यावी.

जेवण नाकारू नका, मात्र थोडेच घ्या. यजमान आधी आपल्या हातांवर पाणी घालतात. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच म्हणा ना. उजव्या हाताने गोळा करून, त्याला अंगठ्याने खळगा पाडून, त्यात पालेभाजी किंवा मासा घ्यायचा. हाताने जेवणाऱ्या आपल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पानावरून उठताना पैसे पुढे करू नयेत. वाटेतल्या दुकानातून साखर, मीठ आणि साबण घेऊन ठेवावा आणि निरोप घेताना घरातल्या बाईंच्या हाती द्यावा.

काठावरची
वरील मताशी सहमत आहे; फक्त मुलांना गोळ्या आणि पेन वाटत फिरू नये, एवढे जोडते. त्यामुळे पुढच्या प्रवाशाला पाहताच मुले हात पसरू लागतात. त्याऐवजी वाळूत बसून त्यांच्याकडून बाओ हा खड्ड्यांमध्ये बिया फिरवण्याचा खेळ शिकावा. मी एका दहा वर्षांच्या मुलाकडून सलग पाच डाव हरले. काठावर बांबूच्या मांडवांवर उसिपा नावाची बारीक मासळी वाळत असते, आणि तो वास येताच मला वसईकडच्या बोंबलांच्या वलांड्या आठवल्या. बायकांनी गुडघे झाकणारे कपडे घालावेत. चितेन्जे हे तिथले कापड बाजारातून घेऊन गुंडाळले की पुरते.

सावध प्रवासी
पोहण्याविषयी: सरोवरात बिल्हार्झिया या परजीवीजन्य रोगाचा धोका आहे. त्याचे परजीवी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बाहेर पडतात आणि माणसाच्या कातडीतून आत शिरतात. गोगलगायी मुख्यतः काठालगतच्या शांत, लव्हाळ्यांच्या पाण्यात असतात, पण खडकाळ जागाही पूर्ण निर्धोक मानू नये. पाण्यात उतरलातच तर परतल्यावर डॉक्टरांना सांगून, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी त्यावरचे प्राझिक्वांटेल हे औषध घेण्याविषयी विचारावे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. इथिओपिया किंवा केनियामार्गे विमान असल्यास पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र नसल्यास भारतात परतताना विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

आणखी एक. जूनमध्ये म्वेरा हा आग्नेयेकडचा वारा सुटतो आणि जवळजवळ ५८० किलोमीटर लांबीचे ते पाणी समुद्रासारखे उसळते. गावकरी ‘आज होडी नको’ म्हणाले तर वाद घालू नये.

पाठीवर बिऱ्हाड
सर्वांचे मनःपूर्वक आभार. लस या आठवड्यातच घेतो. १९५१ पासून सरोवरात फिरणारी इलाला ही बोट त्या दिवसांत सुरू असल्यास परतीचा एक टप्पा तिने करावा म्हणतो. नपेक्षा पुन्हा पायीच. साखर किती किलो बाळगावी, एवढे मात्र कोणीतरी सांगा.

जुना वाटसरू
दोन किलोंहून अधिक पाठीवर घेऊ नका. ती वाट चढाची आहे.