नोत्र दामच्या घुमटावर पुन्हा सोने कशासाठी?

दिगंत :
अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या घुमटाला आणि त्यावरील मरियामातेच्या पुतळ्याला २०२३ मध्ये सोन्याचा नवा वर्ख देण्यात आला. २००५ मध्ये याच कामाला सुमारे तीन लाख डॉलर लागले होते, तरीही माझ्या मते हा खर्च योग्यच आहे. फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये स्थापलेल्या या संस्थेची मुख्य इमारत २३ एप्रिल १८७९ रोजी जळून खाक झाली, पण त्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली. पुढे तिच्या घुमटावर संस्थेची आश्रयदात्री असलेल्या मरियामातेचा सुमारे १९ फूट उंचीचा पुतळा बसवला गेला. रोममधल्या पियाझ्झा दि स्पान्या येथील स्तंभावरच्या मूर्तीवरून तो घडवलेला आहे. सोरिन यांनी सोन्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांच्याच सहकाऱ्यांना तो अवाजवी वाटला होता. अखेर १८८६ मध्ये वर्ख चढला. कॅथलिक स्थलांतरितांकडे संशयाने पाहणाऱ्या देशात आपली श्रद्धा लपवायची नाही, असा तो निर्धार होता.

सांजवात :
दिगंत, निर्धार मान्य. पण तो एकोणिसाव्या शतकातला. आज ही संस्था अमेरिकेतील श्रीमंत विद्यापीठांपैकी एक आहे आणि तिला कुणापुढे मान वर करून दाखवण्याची गरज उरलेली नाही. शिवाय हा वारसा अर्धाच सांगितला जातो. सोरिन यांना मिळालेली जागा मुळात फादर स्टीफन बडिन यांनी पोतावातोमी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी चालवलेल्या मिशनची होती. १८३८ मध्ये या लोकांना बंदुकीच्या धाकाने कॅन्ससकडे हाकलण्यात आले आणि वाटेत चाळीसहून अधिक जण दगावले. त्यांच्याबरोबर चाललेले तरुण धर्मगुरू बेंजामिन प्टी परतताना १८३९ मध्ये वारले. त्यांचे अवशेष विद्यापीठाच्या आवारातील ओंडक्यांच्या चॅपेलमध्ये आहेत. घुमट मैलभरावरून दिसतो, ते चॅपेल मात्र शोधावे लागते.

अश्मक :
सांजवात, आक्षेप रास्त आहे, निष्कर्ष नाही. आपल्याकडेही देवळाच्या कळसावरील सोन्याबद्दल हाच वाद होतो आणि तिथेही लोक सोने काढून गरिबांना वाटत नाहीत. वर्ख अतिशय पातळ असतो, त्यामुळे पैसा परांची आणि कारागिरांच्या मजुरीवरही बराच जातो. मरियेचा पुतळा कुणाचा अपमान करत नाही. त्याच इमारतीतील लुइजी ग्रेगोरी यांची कोलंबसची भित्तिचित्रे ही वेगळी बाब होती, कारण त्यांत मूळ रहिवाशांचे चित्रण हीन होते. ती झाकण्याचा निर्णय विद्यापीठाने २०१९ मध्ये जाहीर केला, आणि तो योग्य होता.

सांजवात :
पुतळा उतरवा असे मी कुठे म्हटले? पुढच्या वर्खासाठी निधी गोळा होईल तेव्हा त्यातील काही वाटा पोतावातोमी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.

दिगंत :
शिष्यवृत्ती द्यावीच, पण विद्यापीठाच्या मुख्य अंदाजपत्रकातून. वर्खाच्या निधीतला वाटा दिला तर ते दान ठरेल, आणि हे तर देणे आहे.