टाउटनच्या लढाईत कमी फौज असून यॉर्कवाले जिंकले कसे?

रावेरकर: राम राम मंडळी. इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धाबद्दल वाचतोय, म्हणजे गादीसाठी लँकेस्टर अन् यॉर्क या दोन घराण्यांची भांडणं, त्यात १४६१ ची टाउटनची लढाई आली अन् डोकं चक्रावलं. लँकेस्टरवाल्यांची फौज मोठी, जागा उंचावरची, तरी हरले? त्यांचा राजा सहावा हेन्री स्वतः होता का मैदानात?

तापीकाठ: नाही भो, तो यॉर्क शहरात बसलेला. मैदानात त्याचा सेनापती सॉमरसेटचा ड्यूक. समोर यॉर्कवाल्यांचा राजा चौथा एडवर्ड, वय फक्त १८. पण खरी गंमत वाऱ्याची. २९ मार्च, बर्फ पडतोय अन् वारा लँकेस्टरवाल्यांच्या तोंडावर. आपण कपाशीवर वाऱ्याच्या उलट फवारा मारला की औषध आपल्याच तोंडावर येतं ना, तसंच. यॉर्ककडच्या फॉकनबर्ग सरदाराने तिरंदाज पुढे नेले, बाण सोडले अन् लगेच मागे घेतले, समोरच्यांना बर्फात काही दिसेना, त्यांचे बाण अलीकडेच पडले, वरून यॉर्कवाल्यांनी तेच उचलून परत मारले!

धुळेकर: यॉर्कवाल्यांना मिळालेली नॉरफोकच्या ड्यूकची कुमक विसरलात राव. ती उशिरा आली अन् तिथेच पारडं फिरलं. मग नुसती पळापळ, कॉक बेक नावाच्या ओढ्यात कितीतरी मेले. २८,००० हा आकडा तेव्हाच्या पत्रांतला आहे, मला तर फुगवलेला वाटतो. पण १९९६ मध्ये तिथे सामूहिक कबर सापडली, एकेका कवटीवर कितीतरी घाव, ते वाचून जेवण गेलं नाही.

रावेरकर: फवाऱ्याचं बरोबर डोक्यात बसलं भो. मागच्याच आठवड्यात खाल्लंय तोंडावर 😄